कारणाचा रकाना

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

परवाना हा शब्द आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता माहीत असतो. १९९१ पूर्वी देशात 'परवाना राज' होते, ते उद्योगधंद्याला जाचक होते आणि पुढे ते सैल करण्यात आले, एवढे तीन वाक्यांत लिहिले की चार गुण पदरात पडतात. मीही ते तसेच लिहीत आले होते. परवाना म्हणजे किती कागद, किती खेपा आणि किती विचार, हे पाहायला मला वाघोडियाला जावे लागले. त्याची ही हकिगत.

वाघोडिया कुठे आहे, असे माझ्या वर्गातल्या प्रत्येकीने विचारले, म्हणून आधीच सांगून टाकते. ते बडोदे जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव, शहराच्या पूर्वेला. एका अंगाला जीआयडीसीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कापूस, तूर आणि एरंडीची शेते. याच तालुक्यात लिमडा येथे पारुल विद्यापीठ आहे आणि जरोदला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. म्हणजे कारखाने, विद्यार्थी, शेतकरी आणि संकटात धावून येणारे जवान असे सगळे एकाच तालुक्यात नांदतात.

माझे आजोळ बडोद्याचे. गायकवाडांच्या काळात जी मराठी घराणी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली, त्यांपैकी एक. आई लग्न होऊन बेळगावला आली आणि गुजराती बाजूला ठेवून कन्नड शिकली. मी मराठी शाळेत शिकले, गल्लीत कन्नड बोलले आणि सुट्टीत आजोळी गेले की मामांचे मराठी ऐकून हसत आले. मामांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी 'वांधा नाही' येते. वांधा म्हणजे अडचण. जगात मामांना कसलाच वांधा नसतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती.

मामांचे वाघोडियाला हार्डवेअरचे दुकान आहे. रंग, नळ, पाइप, खिळे, कुलपे. मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा मामांच्या डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. एक, दुकानात शेतीची औषधे ठेवायची. दोन, तेजाब ठेवायचे. तेजाब म्हणजे ॲसिड. फरशी बसवून झाली की तिच्यावरचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी लोकांना ते लागते. दोन्हींना सरकारी परवाना हवा. "तू कॉमर्सची आहेस, इंग्रजी अर्ज भरशील, वांधा नाही," असे म्हणून मामांनी एक फाइल माझ्या पुढ्यात टाकली.

पहिला परवाना मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे आधी सांगते, कारण त्यात माझीच थोडी फजिती आहे. कीटकनाशके विकायची तर १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम लागू होतात. या कायद्याच्या मागे एक दुर्घटना आहे. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात धान्य व साखर खाऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. वाहतुकीत त्या धान्याला पॅराथिऑन हे कीटकनाशक लागले होते. त्यालाच बाजारात फॉलिडॉल म्हणत. चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी कायदा झाला. पुढे २०१५ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन विक्रेत्याला शिक्षणाची अट आली. त्याने शेतकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा विषयांतली पदवी किंवा तशा प्रकारची पदविका घेतलेली असावी.

मामा अभिमानाने म्हणाले, "आमची भाची पदवीधर होणार आहे. तिचे नाव लावू." मी नियम पुन्हा वाचला. त्यात बी. कॉम. कुठेही नव्हते. जमाखर्च कितीही नेटका ठेवता आला, तरी कोणते औषध कोणत्या किडीवर आणि पंपाला किती घालायचे, हे मला सांगता येणार नव्हते. आणि शेतकरी दुकानात येऊन नेमके तेच विचारतो. क्षणभर मला राग आला. मग आठवले की आमच्या गल्लीतले शेतकरीसुद्धा दुकानदाराला डॉक्टरच समजतात. पानावरचा डाग दाखवून "ह्याला काय मारू?" असे विचारतात आणि तो देईल ते घेऊन जातात. त्या जागी मी बसले असते तर काय सांगितले असते?

इथे एक गंमत, खरे तर गंमत नव्हे, लक्षात आली. मराठीत आपण फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतो. गुजरातीत 'दवा' म्हणतात. आपल्या भागातले कन्नड शेतकरी 'एण्णी' म्हणतात, म्हणजे तेल. तिन्ही भाषांत विष हा शब्द टाळलेला. आणि गावात कुणी जिवाचे बरेवाईट केले की याच तीन भाषांत बातमी येते : औषध प्याला, दवा पी लीधी, एण्णी कुडिदा. मला दोन भाषा चांगल्या येतात आणि तिसरी कामापुरती. तिन्हींत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आहे. कायद्याच्या इंग्रजी पुस्तकात मात्र तो शब्द सरळ छापलेला असतो.

मामांनी ती फाइल बंद केली, पण कायमची नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ पासून खते-औषधांच्या विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली आहे. वर्ग आठवड्यातून एक दिवस, बाजार बंद असेल त्या दिवशी. मामा बावन्न वर्षांचे. "पुन्हा शाळेत जायचे?" असे त्यांनी मामीला विचारले. मामी म्हणाली, "पहिल्या वेळी तरी कुठे नीट गेला होतात?" विषय तिथे थांबला.

राहिला दुसरा परवाना, तेजाबाचा. त्याला कचेरीच्या भाषेत विषाचा परवाना म्हणतात. मूळ कायदा १९१९ चा. त्याच्याही आधी १९०४ मध्ये एक कायदा होता, तो मुख्यतः सोमलाच्या भीतीने केलेला. १९१९ च्या कायद्याने विष बाळगणे आणि विकणे यांचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यात पहिल्या गुन्ह्याला शिक्षा होती तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड. पाचशे रुपये १९१९ मध्ये मोठे होते. पण रुपयाची किंमत उतरत गेली आणि आकडा तिथेच राहिला. चलनवाढीचा याहून चांगला दाखला मला आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडला नाही.

या जुन्या कायद्यात जीव आणला तो एका मुलीने. २००५ साली दिल्लीत लक्ष्मी अग्रवाल या शाळकरी वयाच्या मुलीने लग्नाला नकार दिला म्हणून तिच्यावर ॲसिड फेकण्यात आले. २००६ मध्ये तिने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने आदेश दिला. ॲसिड विकणाऱ्याने वही ठेवावी. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि प्रमाण त्यात लिहावे. पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र पाहावे. कशासाठी हवे ते विचारून लिहावे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही देऊ नये. शिल्लक साठा पंधरा दिवसांत प्रांताधिकाऱ्याला कळवावा. न कळवलेला साठा जप्त करून पन्नास हजारांपर्यंत दंड करता येईल. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना नमुना नियम पाठवले आणि दंडसंहितेत ॲसिड हल्ल्यासाठी वेगळी कलमे आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १२४ वे कलम आहे. शिक्षा किमान दहा वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप.

आदेशाच्या अवघ्या अडीच महिने आधी, मे २०१३ मध्ये, मुंबईत वांद्रे टर्मिनसवर प्रीती राठी हिच्यावर ॲसिड फेकले गेले होते. ती दिल्लीची. नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला आली होती. १ जूनला ती गेली. आणि आपल्या कर्नाटकात १९९९ साली बंगळूरमध्ये हसीना हुसेन हिच्यावर तिच्या पूर्वीच्या मालकाने हल्ला केला होता. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. हे सगळे मी मामांच्या फाइलमधले कागद समजून घ्यावेत म्हणून वाचत गेले, आणि दुपारच्या उन्हात दुकानात बसल्या बसल्या अंगावर काटा आला. १९५८ ला माणसे मेली, १९६८ ला कायदा आला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९ ला घातक रसायनांचे नियम आले. २००५ ला लक्ष्मी, २०१३ ला आदेश. खर्च आधी होतो आणि नोंद मागून, असे आमच्या विषयात झाले तर सर वही परत करतात.

असो. अर्जाकडे वळते. मी पोहोचले तेव्हा अर्ज जाऊन तीन महिने झाले होते आणि तो दोनदा परत आला होता. दोष कुणाचा म्हणाल, तर मामांच्या आडनावाचा. आधार कार्डावर ते एका इंग्रजी स्पेलिंगने, गुमास्ता लायसन्सवर दुसऱ्या आणि वीजबिलावर गुजराती उच्चाराप्रमाणे तिसऱ्याच. तीन कागदांवर तीन मामा. "मी एकच आहे," असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले. मी ते टाइप केले आणि मामांनी त्यावर गंभीरपणे सही केली. मामी म्हणाली, "मला हे तीस वर्षांपूर्वी लिहून घ्यायला हवे होते."

मग दुकानाचा नकाशा, जागेचा कागद, पोलिसांचा अभिप्राय. एक हवालदार येऊन दुकान पाहून गेले. त्यांनी साठा कुठे ठेवणार असे विचारले. त्यासाठी मामांनी लोखंडी कपाट घेतले होते. नियम असा की विषासाठी स्वतंत्र कपाट किंवा खोली हवी, त्यात दुसरे काही ठेवायचे नाही, वर ठळक अक्षरांत 'विष' लिहायचे आणि किल्ली परवानाधारकाकडे राहायची. मामांनी गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन लिप्यांत पाटी रंगवून घेतली. मी म्हटले, मराठीत पण लिहू या. मामा म्हणाले, "हिंदीतले तेच मराठीत वाच. विष दोन्हीकडे सारखेच."

वहीचे काम माझ्याकडे आले. मी फूटपट्टी घेऊन रकाने आखले : अनुक्रमांक, तारीख, नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, प्रमाण, कारण, सही. नाव आणि पत्ता यांना मी भरपूर जागा दिली. कारणाचा रकाना सर्वांत अरुंद ठेवला. मामांनी वही पाहिली आणि त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा एवढासा का?"

"तिथे काय लिहायचे असते? 'सफाई.' एक शब्द पुरतो."

मामा काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी 'वांधा नाही' असेही म्हटले नाही.

मे महिन्यात परवाना आला. भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावला. तेजाबाच्या सीलबंद, लेबल लावलेल्या बाटल्या कपाटात गेल्या. मी मात्र आदल्या रात्रीच हिशेब मांडून ठेवला होता. बाटलीमागे सुटणारे रुपये, कपाटाची किंमत, फी, प्रतिज्ञापत्र, शहराच्या सहा खेपा, आणि प्रत्येक विक्रीला वहीत जाणारी पाच मिनिटे. कपाटाचे पैसे निघायलाच दीड वर्ष लागणार होते. शेजारच्या रस्त्यावर हातगाडीवाला विनापरवाना, विनावही तेच पाणी विकत होता. मी जेवताना हा हिशेब मांडला आणि म्हटले, "मामा, हा धंदा तोट्याचा आहे. का करता?" मामा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

रात्री मामीने गच्चीवर सांगितले. पंधरा वर्षांपूर्वी मामा तेजाब सुटे विकत. सगळेच विकत. गिऱ्हाईक आपली बाटली आणत असे, बहुतेक थंड पेयाची रिकामी बाटली, आणि मामा कॅनमधून ओतून देत. एका गवंड्याने अशीच बाटली नेली आणि घरी कोपऱ्यात ठेवली. त्याचा सहा वर्षांचा मुलगा उन्हातून खेळून आला आणि त्याने बाटली तोंडाला लावली. मुलगा वाचला. पण महिनोन् महिने दवाखाना, नळीने अन्न, दोन शस्त्रक्रिया. मामांवर केस झाली नाही. गवंडी भांडायलाही आला नाही. तो म्हणाला, बाटली माझीच होती. "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते," मामी म्हणाली. तेव्हापासून दुकानात 'तेजाब नथी' अशी पाटी होती. आता आसपास घरे वाढली, गवंडी रोज विचारू लागले, आणि हातगाडीवरून पुन्हा त्याच थंड पेयाच्या बाटल्या दिसू लागल्या, तेव्हा मामांनी परवान्याचा ध्यास घेतला. लेबल लावलेली, सीलबंद बाटली गावात कुठेतरी मिळायला हवी, एवढेच त्यांचे म्हणणे.

माझा हिशेब मी फाडून टाकला नाही. तो बरोबरच होता. फक्त त्यात एक खाते राहून गेले होते.

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. मामा दुकानाच्या मागच्या खोलीत आडवे झाले होते आणि मी गल्ल्यावर होते. मोटरसायकलवरून एक मुलगा आला. माझ्याच वयाचा, पाठीला कॉलेजची सॅक, इस्त्रीचा शर्ट. "बेन, तेजाब मळशे?" मी हो म्हटले आणि वही उघडली. परवाना आल्यापासून दहा-बारा नोंदी मी केल्या होत्या, त्यामुळे सराव झाला होता. त्याने ड्रायव्हिंग लायसन्स दिले. वय एकवीस. पत्ता बडोदे शहरातल्या एका सोसायटीचा. मी सर्व उतरवून घेतले. कारण विचारले तर म्हणाला, "बाथरूम." मी त्या अरुंद रकान्यात 'बाथरूम सफाई' बसवले. सहीसाठी वही त्याच्याकडे फिरवली आणि बाटली काढायला उठले, तेव्हा आठवले की किल्ली मामांच्या खिशात आहे.

मी हाक मारली. मामा डोळे चोळत आले आणि कपाटाकडे न जाता आधी वहीकडे आले. ओळ वाचली. मग त्या मुलाकडे पाहून शांतपणे विचारले, घर शहरात, मग तेजाब घ्यायला इथपर्यंत? तो म्हणाला, इकडून चाललो होतो. मामांनी विचारले, बाथरूमला टाइल्स आहेत की कोबा? तो थांबला. म्हणाला, मित्राच्या घरचे आहे. मित्र कुठे राहतो? मग त्याचा आवाज चढला. लायसन्स दाखवले, वय दाखवले, पैसे देतोय, आणखी काय हवे? दोन मिनिटांत तीन कारणे झाली होती.

मामांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "काले पप्पाने लईने आवजो." उद्या वडिलांना घेऊन या. मुलाने वहीवर हात आपटला, माझ्याकडे पाहिले आणि निघून गेला. ते पाहणे मला अजून आठवते. त्यात राग होता की अपमान, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आताही सांगता येत नाही.

मी मामांशी वाद घातला. माझा चेहरा तापला होता. "ओळखपत्र होते. वय होते. कारण लिहिले होते. नियमाप्रमाणे सगळे पूर्ण होते. कदाचित त्याला खरेच बाथरूम धुवायचे असेल. आपण त्याचा उगाच अपमान केला."

"असेल," मामा म्हणाले. "तसे असेल तर उद्या बाप येईल आणि मी माफी मागीन. बाटली फुकट देईन."

"आणि तसे नसेल, तर त्याला हातगाडीवर मिळेलच ना?"

मामा स्टुलावर बसले. बराच वेळ गेला. "मिळेल," ते म्हणाले. "तेवढेच माझ्या हातात नाही."

पुढचा प्रश्न जमाखर्चाचा होता. ओळ तर लिहिली गेली होती आणि विक्री झाली नव्हती. अशा वेळी खाडाखोड करायची नाही, हे मला आजोबांनी शिकवले होते. माझे बेळगावचे आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते आणि रोजकीर्द लिहीत. एक रेघ, खाली सही, आणि चूक वाचता आली पाहिजे, असा त्यांचा नियम. मी लाल शाईने एक रेघ मारली. प्रमाणाच्या रकान्यात शून्य घातले. मामांनी पेन घेतले आणि कारणाच्या रकान्यात, जिथे जागाच नव्हती, तिथे समासापर्यंत जात लिहिले : 'कारण पटले नाही.' आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी गुजराती वर्तमानपत्र वाचले. मला गुजराती अक्षरे जुळवत वाचावी लागतात. शिरोरेघ नसल्यामुळे ती मला नेहमी डोक्यावरचे छप्पर काढलेल्या घरांसारखी वाटतात. मी शहराच्या पानावरची प्रत्येक बातमी अडखळत शोधून काढी आणि ती बातमी नसली की श्वास सोडी. अशी कोणतीही बातमी आली नाही. त्यावरून काय सिद्ध होते? काहीच नाही. कदाचित त्याला दुसरीकडे बाटली मिळाली आणि त्याने बाथरूम धुतले. कदाचित तो घरी गेला आणि त्याचा राग उतरला. कदाचित आणखी काही, ज्याची बातमी होत नाही. रस्त्याने जाणाऱ्या एका मुलावर आम्ही विनाकारण संशय घेतला असण्याची शक्यता मी अजूनही मनातून काढू शकत नाही. आणि वहीवरची माझी पहिली नोंद तशीच पुढे गेली असती तर, ही दुसरी शक्यताही काढू शकत नाही. किल्ली परवानाधारकाकडेच असावी, हा नियम मी अर्ज भरताना जाचक म्हणून हसण्यावारी नेला होता.

कॉलेज सुरू झाल्यावर मी एक आगाऊपणा केला. न्यायालयाच्या त्याच आदेशात शिक्षणसंस्थांच्या प्रयोगशाळांनाही ॲसिडच्या वापराची वही ठेवायला सांगितले आहे आणि त्याची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकली आहे. मी रसायनशास्त्र विभागात जाऊन तिथल्या मामांना (प्रयोगशाळेतल्या) कन्नडमध्ये विचारले. कॉमर्सची पोरगी इकडे कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. पण त्यांनी कुलूप लावलेला खण उघडून वही दाखवली. तारीख, बाटली, किती मिली, कुणी काढले, कशासाठी. शेवटच्या रकान्यात पानभर एकच शब्द होता : 'प्रॅक्टिकल'. खाली सही. मी म्हटले, छान आहे. ते म्हणाले, "रोज बरीतीनव्वा, यारू नोडोदिल्ल." रोज लिहितो, पण पाहत कुणी नाही. आज मी पाहिली, याचा त्यांना आनंद झाला असावा, कारण त्यांनी मला मागची दोन वर्षेही दाखवली.

आमच्या अकाउंटन्सीच्या तासाला प्रत्येक नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहावे लागते. ते नसले की अर्धा गुण जातो. आम्ही सगळ्या मुली ते सर्वांत शेवटी, घाईघाईने, बारीक अक्षरांत लिहितो. आकडे जुळले की आमचे समाधान होते. मीही अजून तसेच लिहिते, सवय एकदम जात नाही. पण लिहिताना कधी कधी हात थांबतो.

दिवाळीत मामांचा फोन आला. त्यांनी त्या एक वर्षाच्या पदविकेला नाव घातले आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी डबा घेऊन वर्गाला जातात, आणि वर्गात सर्वांत मागच्या बाकावर बसतात असे मामी म्हणाली. मी तेजाबाच्या वहीबद्दल विचारले. पहिली वही अर्ध्याहून जास्त भरली आहे, दुसरी त्यांनी स्वतः आखून ठेवली आहे. "रकाने बरोबर आले का?" असे मी विचारले.

"पत्ता जरा दाटीने लिहावा लागेल," मामा म्हणाले. "कारणाला अर्धे पान दिले आहे. वांधा नाही."